उमेदवाराकडे कामाची वही मागावी

कराड, २० नोव्हेंबर २०२५

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

येत्या मंगळवारी, २५ नोव्हेंबरला, यशवंतराव चव्हाण यांची पुण्यतिथी आहे. त्या सकाळी कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर दरवर्षीप्रमाणे सगळ्या पक्षांचे पुढारी येतील, समाधीवर फुले वाहतील, थोडा वेळ शांत बसतील आणि निघताना यशवंतरावांच्या सुसंस्कृत राजकारणाविषयी चार शब्द बोलतील. यंदा त्यानंतर बरोबर सात दिवसांनी नगरपालिकांचे मतदान आहे. समाधीवरून परतलेली हीच मंडळी दुपारी प्रचाराच्या गाड्यांवर उभी राहतील, आणि सकाळी ज्या गुणांना त्यांनी वंदन केले त्यांतला एखादा तरी दुपारच्या भाषणात उतरावा, एवढीच माझी अपेक्षा असते. गेली काही वर्षे ती पुरी होत नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मी सत्तरीतला निवृत्त प्राथमिक शिक्षक आहे. जिल्हा परिषदेच्या शाळांत पस्तीस वर्षे शिकवले आणि त्या काळात बहुतेक सगळ्या निवडणुकांत मतदान केंद्रावर काम केले. कोणत्याही पक्षाचा मी कधी सभासद नव्हतो. आज जे उमेदवार आहेत किंवा पदावर आहेत त्यांपैकी कोणाचेही नाव या पत्रात मुद्दाम घेतलेले नाही, कारण नाव आले की वाचक मजकूर सोडून पत्रलेखक कोणत्या गटाचा आहे याचा शोध घेऊ लागतो, आणि आज आपल्या गावागावांतून नेमके हेच चालले आहे.

आपल्या नगरपालिकांसाठी शेवटचे मतदान २०१६ च्या अखेरीस झाले. पाच वर्षांची मुदत संपल्यावर कारभार प्रशासकांकडे गेला. जिल्हा परिषदेवर आणि पंचायत समित्यांवर तर मार्च २०२२ पासून प्रशासकच आहेत. म्हणजे आज पंचविशीत असलेल्या शहरातल्या मतदाराने आपला नगरसेवक निवडण्यासाठी आजवर एकदाही बोटाला शाई लावून घेतलेली नाही. मधल्या काळात राज्यातले दोन मोठे पक्ष फुटले, एक जून २०२२ मध्ये आणि दुसरा जुलै २०२३ मध्ये, आणि त्या फुटीची भेग खाली येता येता थेट गल्लीतल्या तरुण मंडळापर्यंत पोहोचली. राज्यात जे एकमेकांचे मित्र आहेत ते तालुक्यात एकमेकांविरुद्ध उभे आहेत, आणि राज्यात जे विरोधक आहेत त्यांची शहरात एकच आघाडी झालेली आहे. पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचा एबी फॉर्म कोणाला मिळाला, बंडखोरी कोणी केली, उद्या दुपारपर्यंत माघार कोण घेणार, याखेरीज पंधरा दिवसांत दुसरा विषय कानावर आलेला नाही. भावकीत दोन पॅनेल झाली म्हणून दिवाळीतल्या भाऊबीजेला बहिणीने एकाच भावाला ओवाळल्याचे उदाहरण माझ्या ओळखीच्या घरातले आहे. या पंधरवड्यात मला चौघांनी विचारले, "गुरुजी, तुम्ही कुणाचे?" आमच्या प्रभागात पाणी किती वाजता येते, पावसाळ्यात गटार कोठे तुंबते, बालवाडीला जागा आहे की नाही, हे मात्र एकानेही विचारले नाही.

असे दिवस पूर्वी नव्हते असे मी म्हणणार नाही. यापेक्षा कितीतरी अधिक तापलेले वर्ष आपल्या जिल्ह्याने पाहिलेले आहे, आणि त्याच वर्षाची हकिकत मला सांगायची आहे.

१९५७ हे वर्ष आजच्या तरुणांना पुस्तकातून ठाऊक असेल; आमच्या घरात ते वडिलांच्या बोलण्यातून आले. मुंबईसह स्वतंत्र मराठी राज्याची मागणी बाजूला सारून १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठी आणि गुजराती मुलखाचे मोठे द्विभाषिक राज्य करण्यात आले होते, आणि त्याचे मुख्यमंत्रिपद यशवंतरावांकडे आले होते. त्याआधीच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात शंभराहून अधिक माणसे बळी पडली होती. त्या रागातच १९५७ ची सार्वत्रिक निवडणूक झाली. संयुक्त महाराष्ट्र समितीने पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची दाणादाण उडवली, साताऱ्याने क्रांतिसिंह नाना पाटलांना समितीतर्फे लोकसभेत पाठवले, आणि स्वतः मुख्यमंत्री कराडमधून अगदी थोड्या मतांनी निभावले. ज्याच्या हाती राज्याची सूत्रे होती त्याच्याच मुलखाने त्याच्या पक्षाला नाकारले होते. भर सभेत त्यांना सूर्याजी पिसाळ म्हटले जात असे. या मातीत याहून जिव्हारी लागणारी शिवी नाही.

त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला प्रतापगडावर शिवछत्रपतींच्या अश्वारूढ पुतळ्याचे अनावरण पंतप्रधान पंडित नेहरू यांच्या हस्ते व्हायचे होते. ज्या दिल्लीने मुंबई दिली नाही तिच्या प्रमुखाने प्रतापगडावर यावे, ही गोष्ट लोकांना सहन होण्यासारखी नव्हती. समितीने काळ्या झेंड्यांनी निदर्शने करण्याचे जाहीर केले आणि वाईपासून पसरणीच्या घाटाच्या वाटेवर हजारो माणसे जमली. माझे वडील त्यांत होते. गावातल्या बारा-पंधरा जणांबरोबर ते मालमोटारीने वाईपर्यंत आणि तेथून पुढे पायी गेले. झेंड्यासाठी काळे कापड मिळेना, तेव्हा आजीने आपल्या जुन्या चंद्रकळेचा पदर फाडून दिला होता. तो तुकडा कितीतरी वर्षे आमच्या फडताळात घडी करून ठेवलेला होता, म्हणून मला ही गोष्ट पाहिल्यासारखी वाटते.

त्या दिवशी काय होऊ शकले असते याचा विचार करावा. अरुंद घाट, दोन्ही अंगांना संतापलेली माणसे, मधून पंतप्रधानांची मोटार, आणि गोळीबाराच्या आठवणी अजून ओल्या. एक दगड भिरकावला गेला असता किंवा एका शिपायाची बंदूक सुटली असती, तर प्रतापगडाच्या पायथ्याशी मराठी माणसाचेच रक्त सांडले असते. तसे घडले नाही. सरकारने लोकांना रस्त्याच्या कडेला उभे राहू दिले, समितीच्या नेत्यांनी आपल्या माणसांना शिस्तीत ठेवले. घोषणा झाल्या, काळे झेंडे फडकले, मोटार त्यांच्यामधून वर गेली, अनावरण झाले आणि माणसे आपापल्या गावी परतली. वडील सांगत की समितीचे स्वयंसेवक रांगेतून फिरत प्रत्येकाला एकच गोष्ट बजावत होते, हात वर करायचा तो फक्त झेंड्यासाठी. एस. एम. जोशी यांच्यासारखा माणूस समितीच्या अग्रभागी होता आणि यशवंतरावांसारखा माणूस सरकारात होता. दोघांचे मत टोकाचे भिन्न होते, पण समोरच्याची माणसे ही आपलीच माणसे आहेत याविषयी दोघांच्या मनात संदेह नव्हता.

मला या प्रसंगात नेतृत्वाचे जे रूप दिसते ते आपण नीट ओळखत नाही असे वाटते. आपण शांत पुढाऱ्याला स्वभावाने मऊ किंवा संकोची समजतो. घाटात निदर्शक उभे राहू देण्यासाठी त्या दिवशी जो निर्णय घ्यावा लागला तो मऊपणाने घेता येणारा नव्हता. पंतप्रधानांपुढे आपल्याच राज्यात काळे झेंडे दिसणार, त्याची नामुष्की आपल्या वाट्याला येणार, पक्षातले लोक दुबळा म्हणणार, हे सगळे पत्करून विरोधकाला त्याची जागा मोकळी ठेवायची होती. आणि ती जागा मोकळी राहिली म्हणूनच पुढे बोलणे शक्य झाले. द्विभाषिक चालणार नाही हे यशवंतरावांनी आतून श्रेष्ठींना पटवले, समितीने बाहेरून चळवळ तेवत ठेवली, आणि अडीच वर्षांच्या आत, १ मे १९६० रोजी, मुंबईसह महाराष्ट्र झाला. माझ्या वडिलांनी आयुष्यात कधी यशवंतरावांच्या पक्षाला मत दिले नाही. १९८४ च्या नोव्हेंबरमध्ये यशवंतरावांचे पार्थिव कराडला आणले तेव्हा मात्र ते पहाटे उठून, कोणालाही न सांगता, प्रीतिसंगमाकडे चालत गेले होते.

मुख्यमंत्री असताना यशवंतरावांनी केलेली दुसरी गोष्ट माझ्या मते याच स्वभावातून आली. जिल्हा परिषद आणि पंचायत समिती यांचा कायदा १९६१ मध्ये झाला आणि १ मे १९६२ पासून या संस्थांचा कारभार सुरू झाला. जिल्ह्याच्या शाळा, दवाखाने, रस्ते आणि शेतीची कामे मुंबईच्या मंत्रालयातून चालवण्यापेक्षा जिल्ह्याच्या माणसांच्या हाती सोपवावीत, हा त्यामागचा विचार होता. या सत्तेतला काही भाग विरोधकांच्या हाती जाणार हे १९५७ चा अनुभव घेतलेल्या माणसाला कोणी सांगायला नको होते. तरीही ती दिली. या संस्थांचे एक वैशिष्ट्य असे की तेथे भाषण करून फार काळ निभत नाही. शिक्षण, आरोग्य, बांधकाम, कृषी, समाजकल्याण अशा विषय समित्यांच्या बैठकांत वेगवेगळ्या पक्षांची माणसे एकाच टेबलाभोवती बसतात, समोर अधिकारी असतो, निधी ठरलेला असतो, आणि आपल्या गटातला, म्हणजे जिल्हा परिषदेच्या मतदारसंघातला, पूल मंजूर करून घ्यायचा तर शेजारच्या गटातल्या विरोधकाशी बोलावेच लागते. सातारा आणि सांगली या आपल्या दोन जिल्ह्यांतली पुढारी मंडळी अशा बैठकांतून घडली. अंजनीचे आर. आर. पाटील जिल्हा परिषदेचे सदस्य म्हणून पुढे आले. ग्रामविकासमंत्री झाल्यावर त्यांनी संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले, त्यात सरकारने पैसे वाटण्याऐवजी गावागावांत चुरस लावली, आणि एकाच गावातल्या दोन गटांना झाडू हाती घेऊन एका गल्लीत उतरावे लागले. गावातला कोणताही गट बाजूला राहिला तर नंबर जातो, हे त्या योजनेचे मर्म ज्याला जिल्हा परिषदेत बसून माहीत झाले होते त्यालाच ते सुचले.

अशा एका सदस्याविषयी मला थोडे सविस्तर लिहायचे आहे. ते आता हयात नाहीत. त्यांच्या घरच्यांना प्रसिद्धी आवडत नाही, म्हणून नाव लिहीत नाही. १९९२ मध्ये ते आमच्या गटातून जिल्हा परिषदेवर निवडून आले. मी तेव्हा ज्या गावात शिक्षक होतो त्या गावाने त्यांना मते दिली नव्हती. मतमोजणीच्या दुसऱ्या दिवशी गावातल्या पारावर उघड बोलले गेले होते की आता पाच वर्षे आपल्या गावाला काही मिळत नाही. १९९४ च्या मे महिन्यात वळवाच्या वाऱ्याने आमच्या शाळेचे पत्रे उडाले. दोन वर्गखोल्या उघड्या पडल्या, फळा भिजला, आणि जूनमध्ये शाळा भरणार होती. मुख्याध्यापकांनी अर्ज लिहिला, पण तो घेऊन सदस्याकडे जायला गावातला एकही कार्यकर्ता तयार होईना, कारण ज्याला पाडण्यासाठी झटलो त्याच्या दारात कसे उभे राहायचे.

तिसऱ्या दिवशी तेच शाळेत आले. एसटीने आले, बरोबर कोणी नव्हते, हातात पिशवी आणि पिशवीत जाड पुठ्ठ्याची बांधीव वही. त्यांनी उघडे वासे पाहिले, किती पत्रे लागतील ते मोजले, वहीत लिहिले आणि मग मला म्हणाले, "गुरुजी, यांच्यापैकी ज्याने माझ्याविरुद्ध सगळ्यात जास्त काम केले त्याला बोलावून घ्या." तो गृहस्थ आला. त्यांनी त्याला शेजारी बसवले आणि पंचायत समितीला द्यायच्या पत्रावर आपल्या सहीशेजारी त्याची सही घेतली. कारण विचारले तेव्हा म्हणाले, की एकट्याच्या सहीने पत्रे बसतील, पण पुढच्या वर्षी गळती लागली तर सांगायला कोणी येणार नाही. पंधरा जूनच्या सुमारास पत्रे बसले. त्यानंतर त्या गावातून पाण्याचा, रस्त्याचा, दवाखान्याच्या फेरीचा अर्ज असला की तोच विरोधक कार्यकर्ता तो घेऊन जात असे. त्याने आपला पक्ष सोडला नाही आणि सोडावा असे त्याला कोणी सुचवलेही नाही.

१९९७ मध्ये ते सदस्य पडले. निकालानंतर आठवडाभरात त्यांनी ती वही निवडून आलेल्या माणसाच्या घरी नेऊन दिली. तीत गावाचे नाव, काम, अर्जाची तारीख, कोणत्या टेबलावर कागद आहे आणि काय अडले आहे, असे सगळे रकाने आखलेले होते. ज्याने त्यांना पाडले त्याने ती ठेवून घेतली आणि पुढे चालवली, हे मी स्वतः पाहिले आहे. माझ्या पाहण्यातले राजकारण एवढ्याशाच परिघातले आहे, पण तीन दशके झाली तरी चांगला पुढारी म्हटल्यावर मला तो पिशवी घेऊन एसटीतून उतरणारा माणूस आठवतो.

येथे कोणी विचारील की अशी माणसे निवडून येतात का. मला तेच ऐकायला मिळते: गुरुजी, आता काळ बदलला, जो ओरडतो त्याचेच चालते. सांगोल्याचे गणपतराव देशमुख शेतकरी कामगार पक्षासारख्या लहान पक्षातून एकाच मतदारसंघात अकरा वेळा आमदार झाले, आणि त्यांचा बहुतेक काळ विरोधी बाकांवर गेला. मोठ्या पक्षाची लाट आली आणि गेली, त्यांचा मतदार ठरलेला होता. आटपाडीला दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद भरत असे, तेव्हा वाळव्याचे क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, गणपतराव आणि डॉ. भारत पाटणकर हे एकाच मंडपात बसत. समन्यायी पाणीवाटपाची तीच मागणी, तेच ठराव, दर वर्षी. बाहेरून पाहणाऱ्याला ते कंटाळवाणे वाटत असेल. कराडजवळ टेंभूला कृष्णेचे पाणी अडवून, टप्प्याटप्प्याने उचलून ते खानापूर, आटपाडी आणि सांगोल्याच्या माळांवर न्यायचे, हे काम नव्वदच्या दशकात सुरू झाले आणि त्याला किती वर्षे लागली हे त्या भागातल्या शेतकऱ्याला विचारावे. मधल्या काळात राज्यात कितीतरी सरकारे आली. प्रत्येक नव्या सरकारपुढे तीच फाईल, त्याच चिकाटीने, आवाज न चढवता पुन्हा उघडणारी माणसे नसती, तर ती फाईल कधीच बंद झाली असती. आटपाडीच्या माळावर आज जे डाळिंब आणि ऊस दिसतात त्यांत या कंटाळवाण्या ठरावांचा वाटा आहे.

मात्र शांतपणाच्या नावाखाली काहीही खपवून घ्यावे असे मी म्हणत नाही. पाच वर्षे सभागृहात तोंड न उघडणारे, ठेकेदाराशी गोड आणि मतदाराला न भेटणारे सभ्य गृहस्थही मी पाहिले आहेत. त्यांच्या मौनाने कोणाचे पत्रे बसले नाहीत. लोकांचा राग खरा असेल तर तो उघड बोलला गेला पाहिजे. पसरणीच्या घाटातले काळे झेंडे हाही लोकशाहीचाच भाग होता. या दोन प्रकारच्या शांततेतला फरक भाषणावरून कळत नाही, कागदावरून कळतो. सभागृहाच्या किती बैठकांना माणूस हजर राहिला, त्याने कोणते प्रश्न लेखी विचारले, कोणत्या ठरावाला विरोध केला आणि का, दुसऱ्या गटाने आणलेल्या कोणत्या कामाला पाठिंबा दिला, हे सगळे इतिवृत्तात लिहिलेले असते. मागच्या सभागृहातले अनेक जण आज पुन्हा उभे आहेत. त्यांचे इतिवृत्त पालिकेच्या दप्तरात आहे. ते कोणी वाचत नाही.

यंदा तर हे वाचणे विशेष आवश्यक आहे, आणि त्याचे कारण निवडणुकीच्या रचनेतच आहे. नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडला जाणार आहे आणि नगरसेवक प्रभागांतून. मतदार नगराध्यक्षासाठी एका पक्षाला आणि प्रभागासाठी दुसऱ्याला मत देऊ शकतो आणि पुष्कळदा देतोही. अशा वेळी नगराध्यक्ष एका पक्षाचा आणि सभागृहात बहुमत दुसऱ्याचे, अशी स्थिती होते. जिल्ह्यातल्याच एका गावी मी हे पाहिले आहे. सभेच्या विषयपत्रिकेवर कोणाची सही यावरून महिने गेले, मंजूर निधी मुदत संपून परत जाण्याची वेळ आली, आणि दोन्ही बाजू आपण जनतेसाठी लढत आहोत असे मनापासून मानत होत्या. आज आघाड्यांची जी विस्कटलेली अवस्था आहे ती पाहता, ३ डिसेंबरला निकाल लागल्यावर असे त्रिशंकू कारभार अनेक ठिकाणी उभे राहिले तर नवल वाटू नये. ज्या उमेदवाराने प्रचारात समोरच्याला गद्दार, विकाऊ आणि त्याहून वाईट काही म्हटले, तो दुसऱ्याच महिन्यात त्याच माणसाशेजारी स्थायी समितीत बसून पाणीपट्टीवर चर्चा कशी करणार? प्रचारातला शब्द पुढच्या पाच वर्षांच्या कामावर बोजा होऊन बसतो. नऊ वर्षे थांबून मिळालेले सभागृह असे वाया जाणे आपल्याला परवडणारे नाही.

२०१९ च्या ऑगस्टमधला महापूर सांगली, पलूस, मिरज आणि कराडच्या नदीकाठच्या माणसांच्या लक्षात असेल. त्यानंतर दोनच महिन्यांनी विधानसभेचे मतदान होते. पुराच्या त्या दिवसांत तात्पुरत्या निवाऱ्यांत भाकरी पोहोचवणाऱ्यांत सगळ्या पक्षांची पोरे होती आणि कोणी कोणाचा गट विचारला नव्हता. म्हणजे ही रीत आपण विसरलेलो नाही. पाणी घरात शिरले की ती आपल्याला आठवते. ती साध्या दिवसांतही चालू ठेवायची तर आधी एका ठिकाणी बसण्याची सवय लागते, आणि मार्च २०२२ पासून जिल्हा परिषदेच्या समित्याच बसलेल्या नाहीत. प्रशासक चांगले काम करत नाहीत असे माझे म्हणणे नाही. काही अधिकाऱ्यांनी फार निष्ठेने काम केले आहे. पण अधिकाऱ्याच्या दालनात विरोधकाला विरोधकाशेजारी बसावे लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारीअखेरपर्यंत या निवडणुका पूर्ण करण्यास सांगितले आहे, त्यामुळे नगरपालिकांपाठोपाठ जिल्हा परिषदेच्या गटांत आणि पंचायत समितीच्या गणांतही हीच धामधूम येईल. नव्याने निवडून येणाऱ्या तरुणांपैकी बहुतेकांनी समितीचे कामकाज एकदाही पाहिलेले नसेल. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पण त्यांनी राजकारणाचे पहिले धडे फ्लेक्सवरून आणि मोबाईलवरच्या भांडणांतून घेतलेले आहेत, हे मतदारांनी ध्यानात ठेवून त्यांना वेगळे प्रश्न विचारले पाहिजेत.

संपादक महोदय, आता आपल्याला एक विनंती करतो. कोणी कोणावर काय टीका केली याच्या बातम्या आपल्या दैनिकात रोज येतात, आणि त्या वाचल्या जातात हे मी जाणतो. मतदानापर्यंतच्या उरलेल्या दिवसांत त्यांच्याबरोबर आणखी एक चौकट द्यावी. मागच्या सभागृहात असलेल्या आणि आज पुन्हा उभ्या असलेल्या उमेदवारांची बैठकांतली उपस्थिती आणि त्यांनी मांडलेले ठराव, पालिकेच्या इतिवृत्तावरून, कोणताही शेरा न मारता छापावेत. प्रथमच उभ्या असलेल्यांना प्रत्येकी एकच प्रश्न विचारावा: आपल्या विरोधी उमेदवाराने सुचवलेले कोणते काम आपण निवडून आल्यास पुढे न्याल? उत्तर आले तर ते छापावे, आले नाही तर त्या नावापुढची जागा कोरी सोडावी. जानेवारीत जिल्हा परिषदेच्या वेळीही असेच करावे.

आमच्या प्रभागातल्या काही ज्येष्ठांनी आणि नवमतदारांनी मिळून येत्या रविवारी सायंकाळी मारुतीच्या देवळाच्या ओवरीत सगळ्या उमेदवारांना बोलावले आहे. ध्वनिक्षेपक लावणार नाही, हारतुरे आणि घोषणा नसतील, आणि प्रत्येकाला सारखाच वेळ दिला जाईल. सहापैकी चौघांनी येण्याचे मान्य केले आहे. उरलेल्या दोघांकडे उद्या सकाळी मी स्वतः जाणार आहे. ओवरीत मांडण्यासाठी मी दोनशे पानी एक नवी वही आणली असून तिच्यात गावाचे नाव सोडून बाकी सगळे रकाने त्या सदस्यांच्या वहीसारखेच आखले आहेत: काम, अर्जाची तारीख, कागद कोणत्या टेबलावर आहे, काय अडले आहे. जो निवडून येईल त्याला ती ३ डिसेंबरला द्यायची आहे, आणि पहिल्या पानावर सहाही जणांनी सह्या कराव्यात अशी आमची इच्छा आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक,
कराड, जि. सातारा